रॅक सात, खालचा कप्पा

मिस्त्री संस्थेत लागले तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते आणि तोवर त्यांनी मासळीखेरीज दुसरं काही गारठवलं नव्हतं. बंदरावरच्या शीतगृहात सतरा वर्षं काढलेली. वैद्यानं नाडी धरून सांगावं तसं कॉम्प्रेसरच्या नुसत्या आवाजावरून त्याला काय होतंय ते सांगायचे. हवामानाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेला उणे तीस अंशांची खोली सांभाळणारा माणूस हवा होता. मुलाखतीत संचालकांनी विचारलं, "बर्फाबद्दल काय माहिती आहे तुम्हाला?"

"त्याला दार उघडं राहिलेलं चालत नाही, साहेब," मिस्त्री म्हणाले. तेवढ्यावर नोकरी पक्की झाली.

बायकोला बरं वाटलं. "मासळीचा वास सुटला एकदाचा," ती म्हणाली. पण पहिल्याच आठवड्यात तिनं त्यांचा हात हातात घेतला आणि झटकन सोडला. "अहो, हे काय? बाजारातून गारेगार आणल्यासारखं वाटतंय." तेव्हापासून घरात ते गारेगार झाले. मेव्हणी आली की दारातूनच विचारायची, "ताई, गारेगार भावोजी आले का गं?"

त्या खोलीत काय आहे हे कळायला मिस्त्रींना वर्ष गेलं. डोंगरमाथ्यावरच्या हिमनद्यांमध्ये पोकळ बरमा घालून बर्फाच्या मनगटाएवढ्या जाड, मीटर मीटर लांबीच्या कांड्या काढलेल्या. प्रत्येक कांडी चंदेरी पुठ्ठ्याच्या नळीत, नळीवर खोलीचा आकडा. जितकं खोल जावं तितका जुना बर्फ. प्रत्येक हिवाळ्याचा बर्फ आधीच्या हिवाळ्यावर बसलेला, आणि दोन्हींच्या मध्ये त्या वेळची हवा बुडबुड्यांत अडकून राहिलेली. ती हवा मोजली की तेव्हाचं ऊन, धूळ, धूर, सगळं कळतं. हे सगळं त्यांना समजावून सांगितलं बाईंनी.

बाई परदेशातल्या संस्थेच्या. उंचपुऱ्या, उन्हानं रापलेल्या, आणि उजव्या हाताची दोन बोटं हिमदंशानं टोकाशी आखूड झालेली. एका उंच हिमनदीवर त्यांनी सलग तीन उन्हाळे तंबू ठोकून एकशे सदतीस कांड्या काढल्या होत्या. तळची कांडी चौदाशे वर्षांपूर्वीची. कामात चार देशांच्या चार संस्था होत्या. बाईंच्या संस्थेनं बर्फ काढायचा, दुसरीनं तो खाली आणायचा, तिसरीनं त्यातली हवा मोजायची, आणि मिस्त्रींच्या संस्थेनं सांभाळायचा, कारण डोंगराला तीच सगळ्यांत जवळ. करार असा होता की प्रत्येक कांडी उभी चिरायची. अर्धी इथंच ठेवायची, पुढच्या पिढीतल्या शास्त्रज्ञांसाठी, ज्यांच्याकडे आपल्यापेक्षा चांगली यंत्रं असतील. उरलेल्या अर्ध्याचे तीन भाग करून तिघांनी न्यायचे. इतक्या गोडीगुलाबीनं झालेली वाटणी मिस्त्रींनी सख्ख्या भावांतही पाहिली नव्हती.

चिरायचं काम मिस्त्रींचं. पट्टीच्या करवतीवर ते कांडी अशी सरकवायचे की भुसासुद्धा एका रेषेत पडे. बाई शेजारी उभ्या राहून आकडे लिहायच्या. वीस मिनिटं आत, दहा मिनिटं बाहेर, असे आठ महिने. त्या आठ महिन्यांत बाई भाषा शिकल्या, पण लिंगाशी त्यांचं कधी जमलं नाही.

"मिस्त्री, बर्फ तो की ते?"

"कुणी तो म्हणतं, कुणी ते म्हणतं. घरोघरी वेगळं."

बाईंनी जरा विचार केला. "मग मी ती म्हणते. इतक्या लांबून जपून आणली आहे. मुलगीच म्हणायची."

मिस्त्रींना मूलबाळ नव्हतं. ते हसले आणि त्यांनी पुढची कांडी करवतीवर घेतली.

बाई परत गेल्या, पण दर सोमवारी त्यांचा संदेश यायचा, ‘ती कशी आहे?’ मिस्त्री तापमानाचा आकडा कळवायचे. उणे एकोणतीस पूर्णांक आठ. उणे तीस. असे अकरा वर्षांचे सोमवार. त्या अकरा वर्षांत बाईंची हिमनदी आक्रसत गेली. एका उन्हाळ्यात बाईंनी फोटो पाठवला. तंबू ठोकला होता तिथं ओला, काळा खडक होता आणि मधून चिखलाचा ओघळ वाहत होता. खाली लिहिलं होतं, ‘आता जी आहे ती तुमच्याकडेच.’

मिस्त्रींनी तो फोटो कुणाला दाखवला नाही. पण त्याच आठवड्यात त्यांनी संचालकांकडे दुसऱ्या माणसासाठी अर्ज दिला. यंत्र बिघडलं की सूचना फक्त त्यांच्या एकट्याच्या फोनवर यायची, आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे एक लाल दिवा लागायचा. मिस्त्री आजारी पडले तर? अर्जाला उत्तर आलं की विचार चालू आहे. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या वर्षी संचालक म्हणाले, "अहो मिस्त्री, अकरा वर्षांत एकदा तरी तुमचा फोन बंद होता का? मग?"

हे कौतुक होतं की नकार, ते मिस्त्रींना कळलं नाही. ते मान हलवून बाहेर आले.

तो शनिवार होता. सकाळी बायको ओट्यापाशीच वाकली आणि पोट धरून खाली बसली. "काही नाही, वायू धरला असेल," म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला उलटी झाली. दवाखान्यात डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला, एक फोटो काढला आणि सांगितलं की आतड्याला पीळ पडलाय, आत्ताच्या आत्ता उघडावं लागेल, उशीर झाला तर मी काही बोलू शकणार नाही. मेव्हणी धावत आली. मिस्त्रींना सह्यांसाठी इकडे, रक्तासाठी तिकडे, कपड्यांची पिशवी घेऊन वरच्या मजल्यावर असं पळवलं जात होतं. हातातला फोन त्यांनी मेव्हणीकडे दिला. "हा धर जरा."

मेव्हणी शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती. तिच्या मांडीवर फोन वाजला. तिनं उचलला तर पलीकडे यंत्राचा आवाज, काहीतरी आकडे बोलत होता. तिनं ठेवून दिला. तो पुन्हा वाजला. सारखा वाजू लागला. समोरची परिचारिका डोळे वटारून बघायला लागली. जाहिरातवाल्यांना काळवेळ नसते, असं मनात म्हणत मेव्हणीनं तो बंदच करून पर्समध्ये टाकला.

शस्त्रक्रिया साडेचार तास चालली. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "वेळेत आणलंत." मिस्त्री भिंतीला पाठ लावून खाली बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. रात्र बाकावर गेली. रविवारी सकाळी बायकोनं डोळे उघडले, पाणी मागितलं, आणि मग मिस्त्रींना फोनची आठवण झाली.

फोन चालू केल्यावर त्यावर तेवीस संदेश होते.

संस्थेच्या फाटकावर पहारेकरी उभाच होता. "मिस्त्री, दिवा लागला तसा मी लगेच फोन केला तुम्हाला. लागला नाही. वाटलं तुम्हाला कळलंच असेल, येत असाल." मिस्त्री न थांबता पुढे गेले.

बिघाड अगदी साधा होता. थंड करणाऱ्या नळ्यांवर बर्फाचा थर साचू नये म्हणून दिवसातून दोनदा काही मिनिटं एक हीटर लागतो. त्याचा स्विच चिकटला आणि हीटर चालूच राहिला. कॉम्प्रेसर थोडा वेळ त्याच्याशी झगडला आणि दमून बंद पडला. मग बावीस तास त्या खोलीत हीटरच होता.

दाराशीच ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. आत पाऊल टाकलं तर बुटात पाणी शिरलं. चंदेरी नळ्या भिजून, वाकून एकमेकींवर कलल्या होत्या आणि त्यांच्या तोंडातून पाणी ठिबकत होतं. काही नळ्यांत अजून बोटभर बर्फ उरला होता आणि तो चटचट वाजत होता. जुन्या बर्फातला बुडबुडा फुटला की असा आवाज होतो. शेकडो वर्षं कोंडलेली हवा सुटत होती आणि खोलीतल्या हवेत मिसळून जात होती.

मिस्त्रींनी हीटरची तार उपटली. पहारेकऱ्याला हाक मारून दोघांनी मागच्या कोपऱ्यातल्या, हीटरपासून लांबच्या रॅकमधल्या धड दिसतील तेवढ्या नळ्या उचलून शेजारच्या उणे वीसच्या खोलीत नेल्या. तीन डोंगरांच्या मिळून चारशे बारा कांड्या होत्या, त्यातल्या एकसष्ट वाचल्या. बाईंच्या एकशे सदतीसपैकी नऊ.

दुपारी संचालक आले. दारात उभे राहून त्यांनी पाण्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. म्हणाले, "हे पाणी काढायला माणसं बोलावतो."

"नको साहेब. मी काढतो."

"मिस्त्री, तुम्ही रात्रभर—"

"दुसऱ्याच्या हातून नको."

त्यांनी फरशीवरची जाळी उघडली आणि पुसणीनं पाणी लोटायला लागले. पाणी अगदी स्वच्छ होतं. चारदोन ठिकाणी तळाशी बारीक राखाडी धूळ बसली होती, कधीच्या तरी वणव्याची नाहीतर ज्वालामुखीची. ती मोजायला कुणीतरी दूरदेशाहून येणार होतं. घरातल्या माणसाला शेवटची अंघोळ घालावी तसं त्यांनी सगळं सावकाश केलं, आणि संध्याकाळी दवाखान्यात जाऊन बायकोच्या उशाशी बसले.

"हात किती गरम लागतोय तुमचा," ती म्हणाली.

"हो," मिस्त्री म्हणाले.

सोमवारी पडद्यावर चारही संस्था जमल्या. संचालकांनी अहवाल वाचला. वाहतूकवाल्या संस्थेच्या माणसानं विम्याचं विचारलं, हवा मोजणारे गृहस्थ डोक्याला हात लावून बसले. मिस्त्री टेबलाच्या टोकाला होते. बाई पडद्याच्या एका चौकोनात होत्या. सगळ्यांचं बोलून झालं तेव्हा त्यांनी स्वतःच्या भाषेत नाही, मिस्त्रींच्या भाषेत विचारलं.

"मिस्त्री, रॅक सहा, वरचा कप्पा?"

"नाही बाई."

"मधला?"

"नाही."

"खालचा?"

"नाही बाई."

"रॅक सात, वरचा?"

खोलीत बाकी कुणालाच काय चाललंय ते समजलं नाही, पण कुणी मध्ये बोललंही नाही. बाई कप्प्यामागून कप्पा विचारत होत्या आणि मिस्त्री एकेकाला नाही म्हणत होते. घरातलं कोण कोण वाचलं, असं नावं घेऊन विचारावं तसं. "रॅक सात, खालचा कप्पा?" तिथं तळच्या कांड्या होत्या, चौदाशे वर्षांपूर्वीच्या. मिस्त्रींनी नुसती नकारार्थी मान हलवली. बाईंचा चौकोन काळा झाला. फक्त रॅक आठचं विचारायचं राहिलं होतं, आणि नऊ कांड्या तिथंच वाचल्या होत्या.

चौकशीत एकच प्रश्न महत्त्वाचा होता. फोन कुठे होता?

"माझ्याकडेच," मिस्त्रींनी सांगितलं. "बंद पडला. माझ्या लक्षात आलं नाही."

दुसऱ्या माणसाच्या तीन अर्जांचं कुणी नाव काढलं नाही, मिस्त्रींनीही काढलं नाही. निष्काळजीपणाचा ठपका आला आणि त्यांना बर्फाच्या खोलीवरून काढून इमारतीतल्या पाण्याच्या कूलरवर टाकलं. लोक पाणी प्यायला यायचे, मिस्त्रींना बघून नजर चुकवायचे आणि अर्धाच पेला भरून निघून जायचे.

घरी बायको हळूहळू हिंडूफिरू लागली होती. एका दुपारी मेव्हणी भाजी निवडता निवडता सहज बोलून गेली, "त्या दिवशी भावोजींचा फोन कसला वाजत होता गं सारखा! शेवटी मीच बंद करून टाकला." बायकोच्या हातातली जुडी हातातच राहिली. बहिणीला तिनं काही सांगितलं नाही. मिस्त्री घरी आल्यावर मात्र विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"फोन तिच्या पर्समधून काढला तेव्हाच कळलं."

"मग तिचं नाव का नाही घेतलंत?"

"ती तुझ्यासाठी बसली होती तिथं. तिच्यावर खापर फोडून बर्फ परत येणार आहे का?"

त्या दिवसापासून बायकोनं एकच घोषा लावला. जेवताना, कपडे वाळत घालताना, कुठंही. "माझ्यापायी तुमचं सगळं गेलं. मी जगले ते महागात पडलं." मिस्त्री म्हणायचे, असं बोलू नये. दहादा म्हणाले, वीसदा म्हणाले. एक दिवस कूलर पुसून आले होते, आणि कुणीतरी पाठीमागे म्हणालेलं ऐकून आले होते की हाच तो माणूस. बायको पुन्हा तेच बोलली आणि मिस्त्रींच्या तोंडून निघून गेलं, "मग त्याच दिवशी दुखायचं होतं का तुला?"

बायको उठून आत गेली. त्यानंतर तिनं तो विषय कधीच काढला नाही, आणि गारेगार असंही पुन्हा कधी म्हणाली नाही.

दीड वर्षानं बाई आल्या. चारही संस्थांचं बरंच बोलणं झालं होतं. तिघांनी आपापल्या वाटणीतून उरलंसुरलं परत द्यायचं ठरवलं होतं. बोटाएवढी जाड पट्टी असेल, नाहीतर चतकोर तुकडा असेल, पण ठेवा पुन्हा जमवावा. आणि या वेळी तो दोन ठिकाणी ठेवायचा, दोन माणसांच्या हवाली. बाई चौदा पेट्या घेऊन आल्या आणि पहिल्याच दिवशी संचालकांना म्हणाल्या, "पेट्या मिस्त्री उघडतील."

संचालक घुटमळले. "त्यांची बदली—"

"मला माहीत आहे. मिस्त्रीच उघडतील."

मिस्त्रींनी जुना जाड कोट चढवला. दोन दिवस दोघं आत होते, वीस मिनिटं आत, दहा मिनिटं बाहेर. बोलणं आकड्यांपुरतंच. दुसऱ्या दिवशी बाहेर बसल्यावर मिस्त्री म्हणाले, "बाई, फोन बंद पडला नव्हता. माझ्या मेव्हणीनं बंद केला. बायकोला शस्त्रक्रियेला आत नेलं होतं."

बाईंनी हातमोजे काढले. "हे चौकशीत का नाही सांगितलं?"

"काय फरक पडला असता?"

बाईंनी आपल्या आखूड बोटांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मी वर बरमा चालवत होते तेव्हा माझे वडील गेले. मला अकरा दिवसांनी कळलं. तोवर मी अठ्ठावीस कांड्या काढल्या होत्या. इतक्या चांगल्या कांड्या मी परत कधी काढल्या नाहीत. तुम्ही माणसाजवळ होता. मी तिच्याजवळ होते. आणि ती शेवटी राहिली नाहीच. तुमच्यावर खूप राग होता मिस्त्री मला. अजूनही थोडा आहे. खोटं कशाला सांगू?"

"असू दे, बाई."

शेवटची पेटी उघडून झाली तेव्हा कळलं की चाळीस ते अठ्ठावन्न मीटरचं कुणाकडेच काही उरलेलं नाही. मोजण्यातच सगळं संपलं होतं. म्हणजे मधली दोनेकशे वर्षं कायमची गेली. बाई म्हणाल्या, पुढचे तुकडे अलीकडे सरकवून घ्या, जागा वाया नको. मिस्त्रींनी पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं नाही. त्यांनी अठरा रिकाम्या नळ्या आणल्या, प्रत्येकीवर खोलीचा आकडा घातला आणि जिथल्या तिथं ठेवल्या. पुढं येणाऱ्याला कळायला हवं की इथं काही होतं.

बाई गेल्या. बर्फाच्या खोलीवर दोन नवी माणसं नेमली गेली आणि मिस्त्री पुन्हा कूलरवर आले. निवृत्तीला सात महिने उरले होते.

बाई गेल्या त्या संध्याकाळी घरी येऊन ते बायकोसमोर बसले. ती दिवेलागणीआधी कपड्यांच्या घड्या घालत होती. मिस्त्रींनी सरळच सुरुवात केली. "मी त्या दिवशी तुला जे बोललो—"

"बोललात."

"तसं माझ्या मनात नव्हतं."

"होतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मनात नसलेलं असं पटकन येत नाही बाहेर. माझ्याही मनात होतं, म्हणून तर मी सारखी तेच बोलायचे. विसरता आलं तर विसरेन. आत्ता नाही सांगता येत."

मिस्त्रींनी एक सदरा ओढून घेतला आणि त्याची घडी घालायला लागले. ती वाकडी झाली. बायकोनं सदरा त्यांच्या हातातून काढून घेतला, उलगडला, पुन्हा घातला. मग सदऱ्यावरची नजर न काढता म्हणाली, "कसा दिसायचा हो तो? मी एकदाही पाहिला नाही."

"बर्फासारखाच."

"असं नको. नीट सांगा."

मिस्त्री सांगायला लागले. वरच्या कांड्या दुधासारख्या पांढऱ्या, खाली खाली जावं तशा निळसर, आणि तळाशी इतक्या स्वच्छ की पलीकडचा आपला हात दिसायचा. मध्ये एक करड्या धुळीची रेघ यायची, तिथं बाई नेहमी थांबायच्या. तिथं येऊन मिस्त्रीही थांबले. बायकोनं पुढचा कपडा घेतला. मिस्त्रींनी डोळे पुसले आणि थोड्या वेळानं, जिथं थांबले होते तिथून पुढं सांगू लागले.